माळावर झाडं लावू नका



वनरक्षणावर बोलायला कुणी उभं राहिलं की ताडोबा, मेळघाट, कोयना ही नावं ऐकायची आपली तयारी असते. आज मी तुम्हांला सोलापूर, अहिल्यानगर आणि पूर्व पुण्याच्या माळांवर नेणार आहे. पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर. मुरमाड जमीन, तिच्यावर कुसळी, पवन्या, मारवेल असं गुडघाभर गवत, मध्येच एखादी बोर नाहीतर हिवर. त्या गवतात काळवीट, चिंकारा, खोकड, लांडगा, तणमोर, धाविक, चंडोल राहतात. ही जमीन बहुतेक सार्वजनिक आहे. काही तुकडे वनखात्याचे, बरीचशी महसूल खात्याची, गावोगावची गायरानं. माझं म्हणणं असं की माळ हे स्वतंत्र रान आहे, आणि झाडं लावून त्याचं रक्षण होत नाही. झाडांनी ते मरतं.

आपल्या मनात एक समज पक्का बसला आहे. इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसानं ते तोडलं, गुरांनी खाल्लं आणि उरला तो माळ. काही डोंगरउतारांबाबत ते खरंही असेल. पण आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुनं मराठी वाङ्मय, लोककथा आणि ओव्या तपासून त्यांतल्या झाडाझुडपांचे उल्लेख गोळा केले. त्यांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यातून दिसतं ते असं की पश्चिम महाराष्ट्राच्या या भागात बाभूळ-हिवराचं उघडं, गवताळ रान निदान साडेसातशे वर्षं आहे. माळाला पुन्हा ‘हिरवं’ करायचं म्हणजे जे इथे नव्हतंच ते इथे आणून बसवायचं.

सरकारी कागद मात्र वेगळं सांगतात. केंद्र सरकारच्या २०१९च्या पडजमिनींच्या ॲटलासमध्ये झुडपी माळ आणि खालावलेली चराऊ कुरणं पडजमिनींतच मोजली आहेत. एकदा जमीन त्या यादीत गेली की ती कुणालाही द्यायला मोकळी मानली जाते. धरणात किंवा रस्त्यात कुठे जंगल गेलं तर त्याच्या बदल्यातली लागवड इथे होते. २०२३ साली अधिसूचित झालेल्या ग्रीन क्रेडिट योजनेतली झाडंही अशाच उघड्या जमिनी शोधतात.

नान्नजची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण रानाचं व्यवस्थापन म्हणजे काय, हे तिच्यात सगळं आहे.

सोलापूरजवळच्या या गावाभोवती सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली काही माळ चराईला बंद केले गेले. गवताला विसावा मिळाला, आणि तिथले माळढोक लोकांच्या नजरेत भरले. मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी आपल्या जिल्ह्यात आहे, याचा सोलापूरकरांना अभिमान वाटू लागला. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्रफळ होतं ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात शेतं आली, गावं आली, रस्ते आले. तालुकेच्या तालुके नकाशावर अभयारण्य झाले. प्रत्यक्ष वनजमीन त्यात विखुरलेल्या तुकड्यांची.

पुढे काय व्हायचं ते झालं. जमिनीचे व्यवहार अडले, प्रकल्प अडले, आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीच्या रानात माळढोक बिनघोर चरायचा, त्यालाच तो नकोसा झाला. तीन दशकांनी अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी केलं गेलं. तोवर उजनी धरणाचं पाणी फिरलं होतं आणि ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला होता. उसात माळढोक राहू शकत नाही.

पण मला जास्त सलतं ते वनखात्याच्या ताब्यातल्या तुकड्यांवर जे झालं ते. तिथे गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. लागवडीचं उद्दिष्ट असतं, झाडं मोजता येतात, अहवालात दाखवता येतात. पण माळढोकाच्या बाजूने पाहा. नराला विणीच्या दिवसांत मान फुगवून लांबवर दिसावं लागतं. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि तिला चारी बाजूंनी येणारा धोका दिसावा लागतो. झाडांची रांग उभी राहिली की तिची नजर अडते, आणि अंड्यावर टपणाऱ्या कावळ्यांना बसायला फांदी मिळते. आज नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते. देशभरात मिळून दीडशेच्या आत उरलेत, बहुतेक राजस्थानात. तिथे ते विजेच्या तारांवर आदळून मरतात. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं.

याच पट्ट्यात कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी आहे, २.१७ चौरस किलोमीटर. बारामतीकडचं मयूरेश्वर सुपे आहे, ५.१४ चौरस किलोमीटर. नकाशावर ठिपके वाटावेत एवढी ही अभयारण्यं. पण हद्द स्पष्ट, राखण प्रत्यक्ष, म्हणून रेहेकुरीला काळवीट आणि सुप्याला चिंकारा टिकले. अर्थात दोन-पाच चौरस किलोमीटरमध्ये कळप कोंडून राहत नाहीत. ते शेजारच्या गायरानात जातात, पडीत जातात, आणि मग शेतात. म्हणूनच अभयारण्याबाहेरचं गायरान शाबूत असणं हे अभयारण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

मग माळ राखायचा कसा? कुंपण घालून कायमचं बंद केलं की माळ सुधारतो, हेही खरं नाही. अतिचराईनं जमीन उघडी पडते आणि मातीचा कस वाहून जातो. चराई पूर्ण थांबली तर गवत जून होऊन साचतं, झुडपं शिरतात आणि उन्हाळ्यात एका ठिणगीनं वणवा लागतो. काही तुकडे एक पावसाळा राखायचे, बी पडल्यावर गवत कापायला द्यायचं, मग दुसरे तुकडे राखायचे. जाळरेषा वेळेत काढायच्या. गिरिपुष्प उपटायचं. मोकाट कुत्री आवरायची, कारण ती काळविटाची पाडसं मारतात, लांडग्यांना रोग देतात आणि आता त्यांच्याशी संकरही होऊ लागला आहे.

आणि धनगरांना बरोबर घ्यायचं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरणारा आणि पावसाआधी देशावर परतणारा हा समाज माळ ओळखतो. कुठल्या उताराला कधी गवत येतं, लांडग्याची बिळं कुठे आहेत, हे त्याला ठाऊक असतं. लांडगा त्याची मेंढी नेतो, तरी पिढ्यान्‌पिढ्या दोघं एकाच रानात राहिले आहेत. भरपाई वेळेवर मिळाली आणि चराईचा हक्क कागदावर आला, तर माळाला याहून चांगला राखणदार मिळणार नाही. वनहक्क कायदा २००६चा आहे, आणि हंगामानुसार चराईला येणाऱ्या पशुपालकांचे हक्क त्यात मान्य केलेले आहेत. अंमलबजावणी तेवढी मागे आहे.

गायरानांवर येणाऱ्या सौर प्रकल्पांविषयी दोन शब्द बोलायलाच हवेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हे मलाही मनापासून हवं आहे. पण गायरान स्वस्त आणि मोकळं दिसतं म्हणून पॅनेल आधी तिथे उभी करणं चूक आहे. सरकारी इमारतींची छपरं आहेत, गोदामं आहेत, क्षारपड जमिनी आहेत. जिवंत गवताचा माळ त्या यादीत शेवटी यावा, आणि आल्यास ग्रामसभेला विचारूनच.

आता थोड्याच दिवसांत मृगाचा पाऊस येईल आणि वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतील. तुमच्यापैकी अनेकजण त्यांत उत्साहाने जाल. झाडं जरूर लावा. रस्त्याकडेला लावा, ओढ्याकाठी लावा, बांधावर, शाळेच्या आवारात लावा. पण तुमच्या संस्थेनं माळ निवडला असेल, तर खड्डे खणण्याआधी तिथे कुठलं गवत येतं, हे गावातल्या एखाद्या मेंढपाळाला विचारा. आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा काढून पाहा आणि त्याचा विषय पुढच्या ग्रामसभेत मांडा.