संघर्षाचे शास्त्र आणि संशोधकाची बाजू



संघर्ष-निराकरण या विषयात पीएच.डी. मिळते, असे सांगितले की चळवळीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर किंचित हसू उमटते. ज्याने संपाचे दिवस उपाशीपोटी काढले, त्याला संघर्ष म्हणजे काय हे विद्यापीठाने का शिकवावे, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. हसू समजण्यासारखे आहे, पण तेवढ्यावर विषय सोडून देणे परवडणारे नाही. तंटे मिटवण्याची भाषा आता एका व्यवसायाची भाषा झाली आहे. भारतीय संसदेने २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा संमत केला आणि वस्तीवस्तीतील शांततेला बाधक ठरणाऱ्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूदही त्यात केली. ही भाषा कोण घडवतो, हा प्रश्न म्हणूनच कार्यकर्त्याचाही आहे.

या विद्याशाखेचा जन्म अणुबाँबच्या छायेत झाला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९५७ साली केनेथ बोल्डिंग या अर्थशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी या विषयाचे नियतकालिक सुरू केले. ऑस्लो येथे १९५९ साली योहान गाल्टुंग यांनी शांतता-संशोधनाची संस्था उभारली. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात १९७३ साली शांतता-अभ्यासाचा विभाग निघाला. त्याचे पहिले प्राध्यापक ॲडम कर्ल हे क्वेकर पंथाचे, आणि बियाफ्राच्या युद्धात मध्यस्थी करून आलेले. संघर्ष-निराकरण या नावाची डॉक्टरेट मात्र व्हर्जिनियातील जॉर्ज मेसन विद्यापीठाने १९८८ साली सुरू केली. दिल्लीच्या जामिया मिल्लियात नेल्सन मंडेला यांच्या नावाचे केंद्र २००४ साली स्थापन झाले.

यांतील गाल्टुंग यांच्याजवळ थोडे थांबले पाहिजे. सक्तीची लष्करी सेवा नाकारल्यामुळे तरुणपणी त्यांना तुरुंगवास घडला, आणि आर्ने नेस या तत्त्वज्ञाबरोबर त्यांनी १९५५ साली गांधींच्या राजकीय नीतिविचारावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच गाल्टुंग यांनी १९६९ साली संरचनात्मक हिंसेची कल्पना मांडली. गोळी झाडली गेली नाही, तरी औषध उपलब्ध असताना क्षयाने माणूस मरत असेल तर ती हिंसाच होय, मारणारा कोणी एक दाखवता आला नाही तरी. समाजवाद्याला हे नवे वाटणार नाही. नवे इतकेच, की विद्यापीठीय शास्त्राला ते मान्य करावे लागले. त्याआधी एक वर्ष, १९६८ साली, हेरमान श्मिड या स्वीडिश अभ्यासकाने अधिक टोकदार प्रश्न विचारला होता. सत्ता ज्यांच्या हाती आहे तेच शांतता-संशोधनाचा उपयोग करणार असतील, तर दबलेल्यांचा आवाज खाली बसवणे यापलीकडे ते काय साधणार? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

तरीही हे शास्त्र केवळ मालकांच्या सोयीचे आहे, असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्र खात्याचे एके काळचे सचिव जॉन बर्टन यांनी तंटा आणि संघर्ष यांत भेद केला. तंटा हितसंबंधांचा असतो, त्यात देवाणघेवाण होते. संघर्षाच्या मुळाशी मात्र ओळख, सुरक्षितता, मान्यता अशा मूलभूत मानवी गरजा असतात, आणि त्यांचा सौदा होत नाही. संघर्षाला तंटा समजून जी तडजोड लादली जाते, ती टिकत नाही.

हे मोजमाप मुंबईच्या गिरणी संपाला लावून पाहावे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. प्रश्न पगाराचा होता, बोनसचा होता; तेवढाच असता तर तो तंटा होता आणि कधीतरी आकड्यावर मिटला असता. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता, आणि कामगारांना ती संघटना आपली वाटत नव्हती. आपल्या वतीने कोणी बोलावे, हे ठरवण्याचा हक्क त्यांना हवा होता. बर्टन ज्याला मान्यतेची गरज म्हणतात ती हीच. तिच्याशी बोलायला शासन तयार झाले नाही. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, तो झिजत गेला. आणि गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. निराकरण झाले नाही, केवळ एक पक्ष थकला. एखाद्या शासकीय अहवालात यालाच औद्योगिक शांतता म्हणता येईल, हे त्या शब्दाचे दुर्दैव.

अशा विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या तरुण कार्यकर्त्याने काय ओळखून पाऊल टाकावे? भारतात पीएच.डी.ला नियमाने किमान तीन आणि साधारणतः कमाल सहा वर्षे दिली जातात. अमेरिकेत अभ्यासक्रम, सर्वंकष परीक्षा आणि मग प्रबंध अशी वाट असल्याने काळ बहुधा अधिक लागतो. शिष्यवृत्ती कोण देतो, हे पाहणे गैर नाही, आवश्यकच आहे. मार्गदर्शक विचारील की संशोधक तटस्थ आहे काय. येथे गोंधळ होऊ देऊ नये. पुरावा तपासताना, विरोधी पक्षाचे म्हणणे नोंदवताना कसूर करणे हा अपराधच. गिरणीमालकाची मुलाखत कामगाराच्या मुलाखतीइतक्याच काळजीने घेतली पाहिजे. परंतु दोन असमान पक्षांना समान मानून लिहिणे ही तटस्थता नव्हे. चळवळीतून आलेल्या विद्यार्थ्याला यांतला पहिला भाग जड जातो, हेही कबूल केले पाहिजे. आपल्या पुढाऱ्याची चूक लिहिताना त्याची लेखणी अडखळते.

आणखी एक गोष्ट विद्यापीठाच्या नियमांत सहसा नसते. ज्यांनी रात्रपाळी संपवून, किंवा नातवंडाला मांडीवर घेऊन, तासन्‌तास माहिती दिली त्यांची भाषा मराठी. प्रबंध बहुधा इंग्रजीत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्या भागाचा इतिहास गोळा केला, तो पुढे मराठीतही आला म्हणून त्या माणसांच्या घरी पोचू शकला. प्रबंध सादर करण्यापूर्वी त्याचा पंधरा पानांचा मराठी गोषवारा चाळीच्या गच्चीवर किंवा युनियनच्या कचेरीत वाचून दाखवावा. तेथे बसलेली माणसे ज्या वाक्याला हरकत घेतील, ते वाक्य परीक्षकाकडे जाण्याआधी पुन्हा तपासावे.