पंधरा रात्री आणि एक कुंपण



मैफलीचं परीक्षण सहसा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येतं. मी आज ज्या मैफलींविषयी बोलणार आहे, त्या होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. १९९५ च्या उन्हाळ्यात ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन वाद्यवृंदाने केलेला तो दौरा. पंधरा मैफली. मी तिथे नव्हतो, तरी त्या मी ऐकल्या आहेत. कारण या मंडळींनी रसिकांना आपलं गाणं टेप करायची मोकळीक दिली होती. १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांसाठी जागाच राखून ठेवत. अट एकच, आपापसात देवघेव करा, विकू नका. त्या पुण्याईने अमेरिकेतल्या माझ्या भाच्याकडून हे सगळं माझ्यापर्यंत आलं.

अशा वाद्यवृंदाला तिकडे ‘जॅम बँड’ म्हणतात. हा जॅम ब्रेडला लावायचा नव्हे. ठरलेलं गाणं घ्यायचं आणि मग ते जाईल तिकडे सर्वांनी मिळून जायचं. आपल्या गवयाची उपज, पण ती सहा जणांनी एकत्र करायची. १९६५ साली कॅलिफोर्नियात हे सुरू झालं. तीस वर्षांत सुमारे २३०० कार्यक्रम, आणि आज काय वाजवणार हे बहुधा मंचावरच ठरे.

यात आपलाही एक धागा आहे. त्यांचा तालवादक मिकी हार्ट १९६७ साली उस्ताद अल्लारखाँना भेटला आणि तालाकडे पाहण्याची त्याची दृष्टीच बदलली. पुढे अकरा मात्रांचं एक गाणं हा वाद्यवृंद वाजवू लागला. खाँसाहेबांचे चिरंजीव, मुंबईत वाढलेले झाकीर हुसेन, यांच्यासोबत हार्टने १९७६ साली ‘दिगा’ ही तालवाद्यांची ध्वनिमुद्रिका केली. तेव्हा हे संगीत आपल्याला अगदीच परकं नाही.

आता दौऱ्याकडे वळू. १५ जूनला व्हरमाँटमधल्या हायगेट इथे सुरुवात झाली, ९ जुलैला शिकागोत शेवट. परीक्षक म्हणून खरं सांगायचं तर गाणं बऱ्याच ठिकाणी थकलेलं आहे. मुख्य गायक आणि गिटारवादक जेरी गार्सिया. वय बावन्न. १९८६ साली मधुमेहाने तो काही दिवस बेशुद्ध होता, आणि हेरॉइनच्या व्यसनाने त्याला पोखरलं होतं. शब्द विसरतो, बोटं मागे पडतात, सोबतचे सांभाळून घेतात. ऐकताना अवघडल्यासारखं होतं.

आणि मधूनच काहीतरी लखकन चमकतं. ३० जूनला पिट्सबर्गच्या उघड्या मैदानात पाऊस आला. उत्तरार्धात यांनी एकामागून एक चार गाणी घेतली, चारही पावसाची! भिजणाऱ्या हजारो लोकांचा जो आवाज उठतो, तो ऐकून आपल्याकडच्या आषाढाची आठवण यावी. ठरवून बसवलेल्या कार्यक्रमात हे सुख नाही.

दोनच दिवसांनी, २ जुलैला, इंडियानातल्या डीअर क्रीक इथे मैफल सुरू असताना तिकीट नसलेल्या हजारो लोकांनी कुंपण पाडलं आणि ते आत घुसले. पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. त्याच रात्री गार्सियाला जिवे मारण्याची धमकी आली होती. म्हणून मैदानावरचे दिवे न मालवता तो गात राहिला. पोलिसांनी पुढच्या दिवशी बंदोबस्त द्यायला नकार दिला आणि ३ जुलैचा कार्यक्रम रद्द झाला. मग मिसुरीत पावसामुळे एका व्हरांड्याखाली जमलेल्या रसिकांवर छप्पर कोसळलं, शंभराहून अधिक जखमी झाले.

वाद्यवृंदाने रसिकांना जाहीर पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की तिकीट नसेल तर येऊ नका. अशा आणखी काही रात्री आल्या तर आम्हाला दौरे बंद करावे लागतील.

हे का झालं? १९८७ साली त्यांचं एक गाणं प्रचंड गाजलं. तोवर गाण्यासाठी येणारे होते, आता गर्दीसाठी येणारे आले. मैदानाबाहेर वाहनतळावर रंगीत कपड्यांची, खाण्यापिण्याची जत्राच भरे. जत्रेला माझी हरकत नाही, उरुसात वाढलेला माणूस आहे मी. मिरजेच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीतसभा होते. तिकीट नाही. बाहेर पाळणे, खेळणी, मिठाई. पण आत गवय्या आलापीत असताना कुणी धक्का देत नाही. तिथे कुंपण विटांचं नाही, अदबीचं आहे. जिथे श्रोत्यांच्या भरवशावर गाणं उभं राहतं, तिथे श्रोताही कलाकारच असतो. मग त्यालाही कलाकाराची शिस्त हवी.

दुसरी गोष्ट मला कवी म्हणून बोचते. आत शिस्तीत बसलेले, जिवापाड प्रेम करणारे रसिकही होतेच. त्यांना तो थकलेला दिसत नव्हता का? दिसत होता. पण दाद थांबत नव्हती, आणि दौऱ्यावर अनेकांच्या चुली पेटत होत्या. कविसंमेलनात ताप अंगात असलेल्या म्हाताऱ्या कवीला ‘वन्स मोअर’ देताना मी लोकांना पाहिलं आहे. प्रेमच असतं ते, पण ते माणसाला बसू देत नाही.

९ जुलैच्या रात्री शिकागोच्या सोल्जर फील्डवर गार्सियाने ‘सो मेनी रोड्स’ गायलं, वाटा तुडवून थकलेल्या माणसाचं गाणं. शेवटी तो एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतो. आवाज फाटलेला आहे, पण दर वेळी तो थोडा वर चढतो. पंधरा रात्रींचा शीण त्या दोन-चार मिनिटांत सत्कारणी लागतो. पुढे फिल लेश या साथीदाराने ‘बॉक्स ऑफ रेन’ म्हटलं. त्याच्या मरणासन्न वडिलांसाठी झालेलं ते जुनं गाणं. मग आतषबाजी झाली, लोक घरी गेले. बरोबर एक महिन्याने, ९ ऑगस्टला, व्यसनमुक्ती केंद्रात गार्सिया गेला. नुकताच त्रेपन्न वर्षांचा झाला होता.

‘ग्रेटफुल डेड’ हे नाव एका लोककथेतलं. एक वाटसरू कुण्या परक्याच्या मयतीचं ऋण फेडून तिला माती देतो, आणि तो मृतात्मा पुढे त्याच्या कामी येतो. आमच्याकडे जनाज्याला खांदा देणं हे कर्तव्यच. पण मला वाटतं, खांदा द्यायची खरी वेळ त्याआधीची. आपला आवडता गायक, कवी, कीर्तनकार थकलेला दिसला, तर टाळ्या जरा आवरून त्याला म्हणावं, ‘बसा, पाणी घ्या. आज एवढंच पुरे.’