मान वळवून बघणारा मुलगा



माझ्याकडे फुटबॉलच्या निवड चाचण्यांची एक जुनी वही आहे. तिच्यात चौदा वर्षांच्या एका मुलाच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'पळतो चांगला. समज कमी.' मुलगा याच सिरोंचा तालुक्यातला. आज मला बोलायचं आहे ते या चार शब्दांबद्दल.

चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणी होती. इथून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या पुढे, आणि आलापल्लीपर्यंतचा रस्ता कसा आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. पोरं रात्री निघाली, पहाटे उतरली, नळावर तोंड धुतलं आणि आठ वाजता धावायला उभी राहिली. मी सराव सामना लावला आणि रेषेबाहेरून ओरडत राहिलो, 'मागे ये', 'जागा धर', 'डावीकडे सोड'. हा मुलगा दरवेळी क्षणभर थांबायचा, माझ्याकडे बघायचा, मग हलायचा. तोवर चेंडू निघून गेलेला असायचा. मी वहीत लिहिलं आणि पुढच्या मुलाकडे वळलो.

संध्याकाळी यादी लागली. तिच्यात त्याचं नाव नव्हतं. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून ही पोरं स्टँडजवळच्या मोकळ्या जागेत खेळत बसली होती. मी चहा घेत उभा होतो. तेवढ्यात आवाज कानावर आला, 'वेनक्कि रा! एडम, एडम!' मागे ये, डावीकडे, डावीकडे. हाका देणारा तोच मुलगा होता. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी त्याची मान दोनदा वळायची, एकदा या खांद्यावरून, एकदा त्या. चेंडू पायाशी येईपर्यंत तो कुणाला द्यायचा हे त्याचं ठरलेलं असायचं. सकाळी जो क्षण तो थांबत होता, त्या क्षणात तो माझी मराठी स्वतःच्या तेलुगूत करून घेत होता. समज कमी पडली होती ती माझी. यादी बदलून घ्यायला मी परत गेलो नाही. तेवढं धैर्य मला त्या दिवशी झालं नाही, हे मी त्याच्याच तालुक्यात उभा राहून कबूल करतो.

तेव्हापासून मी मुलांचे पाय नंतर बघतो, आधी मान बघतो. नॉर्वेतले एक संशोधक, गाइर जॉर्डेट, यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती बारकाईने पाहून हेच मांडलं की चेंडू मिळण्याआधी जो जास्त वेळा आजूबाजूला बघून घेतो, त्याचे पुढच्या दिशेने दिलेले पास जास्त वेळा जागेवर पोहोचतात. ही गोष्ट घड्याळ लावून मोजता येत नाही. तीस मीटर धावण्याचा वेळ मोजता येतो, म्हणून आपण तोच मोजत बसतो. आणि गडचिरोलीचा मुलगा समोर आला की निवड करणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, 'ही जंगलातली पोरं काटक असतात.' कौतुकाने म्हणतात, पण त्या कौतुकाने मुलाचं नुकसान होतं. काटक म्हटलं की त्याला कडेला पळायला लावतात, नाहीतर बचावात उभं करतात. मैदानाच्या मध्यभागी, जिथे खेळाचा विचार चालतो, तिथे त्याला उभं करून कुणी बघतच नाही.

त्या चार शब्दांमागचा खरा प्रश्न मोठा आहे. राखीव संघात किंवा वयोगटाच्या संघात उठून दिसणारा मुलगा वरिष्ठ संघात टिकेल का, हे कसं ओळखायचं? वयोगटाच्या खेळात सतरा वर्षांचा मुलगा सतरा वर्षांच्या मुलांविरुद्ध खेळतो. जो लवकर वाढला तो धक्का देऊन पुढे जातो, गोल करतो, सगळ्यांच्या नजरेत भरतो. वरिष्ठ संघात समोर अठ्ठावीस वर्षांचा गडी येतो आणि त्या धक्क्याचा उपयोग संपतो. चेंडू पायाशी ठेवायला मिळणारा वेळ निम्म्यावर येतो. आणि चूक झाली तर तिची किंमत असते, कारण तिथे गुण, पगार, प्रशिक्षकाची नोकरी असं सगळं त्या निकालावर टांगलेलं असतं. अंगाच्या जोरावर वर आलेला मुलगा इथे अडकतो. लहानपणी अंग नव्हतं म्हणून ज्याला डोकं वापरावं लागलं, तो कधीकधी इथेच पुढे सरकतो. फ्रान्सच्या अंतवान ग्रीझमनला उंची कमी म्हणून त्याच्या देशातल्या अकादम्यांनी नाकारलं होतं. सीमेपलीकडच्या स्पेनमधल्या रेआल सोसिएदादने त्याला घेतलं, आणि २०१८ चा विश्वचषक त्याने फ्रान्ससाठी जिंकला.

अंगाचा विषय निघाला की वयाचा निघतोच. या सभागृहात असे किती जण असतील ज्यांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे? हात वर करू नका, मला माहीत आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मूल दाखल करताना नेमकी तारीख कुणाला ठाऊक नसायची, गुरुजी १ जून लिहून टाकायचे. त्यात कुणाची लबाडी नव्हती. पण फुटबॉलमध्ये वयोगटाची रेघ १ जानेवारीला पडते, आणि चौदाव्या वर्षी आठ-दहा महिन्यांच्या फरकाने कधीकधी उंचीत मोठी तफावत पडते. म्हणून स्पर्धांमध्ये मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, आणि फिफा २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी करते. हे उपाय जास्त वयाचा मुलगा आत घुसू नये यासाठी आहेत. उशिरा वाढणारा मुलगा बाहेर पडू नये यासाठी कुठलंही यंत्र नाही, तिथे थांबून बघणारा माणूसच लागतो.

आपल्या राज्यातलं एक उदाहरण मी मुद्दाम सांगतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव. वडील रिक्षा चालवायचे. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.  त्या विश्वचषकात भारत तिन्ही सामने हरला. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. निकालावरून पारख करणाऱ्याने त्या मुलांवर तिथेच काट मारली असती.

भारतीय फुटबॉल महासंघाने तसं केलं नाही. त्यातली बरीचशी मुलं 'इंडियन अ‍ॅरोज' या संघात एकत्र ठेवली आणि तो संघ थेट आय-लीगमध्ये, मोठ्या माणसांत उतरवला. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं, त्यातले दोन गोल अनिकेतचे. हंगाम संपला तेव्हा मात्र हा संघ तक्त्याच्या तळाशी होता. माझ्या मते भारतीय फुटबॉलने तरुणांसाठी जे केलं त्यात ही फार शहाणपणाची गोष्ट होती. तळाला जाण्याची परवानगी असलेला संघ! हरलात तरी खालच्या श्रेणीत ढकलणार नाही, पण दर आठवड्याला समोर मोठी माणसं असतील. त्यातूनच अमरजित सिंग २०१९ मध्ये भारताच्या वरिष्ठ संघात आला, मग सुरेश, जीकसन आले. अन्वर अलीचं हृदयाच्या आजारामुळे खेळणंच थांबलं होतं, तोही परत आला. अनिकेत जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असा मोठ्या क्लबांतून खेळत राहिला. २०२२ मध्ये अ‍ॅरोज बंद झाला, त्याच वर्षी क्लबांच्या तरुण संघांसाठी वेगळी विकास लीग सुरू झाली. ती चांगलीच आहे. पण तिच्यात तरुण पुन्हा बहुतेक तरुणांशीच खेळतात. मोठ्यांशी भिडायची ती जागा रिकामी झाली, याची मला खंत आहे.

महाराष्ट्रात तर जिन्याच्या पायऱ्याच निखळल्या. २०१५ ते २०१९ या काळात पुणे एफसी गेला, मुंबई एफसी गेला, डीएसके शिवाजियन्स गेला, एफसी पुणे सिटी गेला. क्लब बंद होतो तेव्हा वर्तमानपत्रात बातमी वरच्या संघातल्या नावांची येते. त्या क्लबच्या राखीव संघातला आणि अकादमीतला अठरा वर्षांचा मुलगा कपड्यांची पिशवी घेऊन घरी जातो आणि तो वाईट खेळत होता असं गाव धरून चालतं.

कोल्हापुरात ही पायरी निराळ्या तऱ्हेने टिकून आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे फुटबॉल संघ, शिवाजी पेठेतलं शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर पेठापेठांची चुरस लागली की माणसं कामधंदा सोडून येतात. तिथे सोळा-सतरा वर्षांचं पोरगं तिशीतल्या खेळाडूच्या बाजूला उभं राहतं. चुकलं तर तो मोठा खेळाडू त्याला तिथल्या तिथे झापतो, आणि पुढच्या मिनिटाला त्यालाच पुन्हा चेंडू देतो. हे 'पुन्हा चेंडू देणं' नीट लक्षात घ्या. मुलगा वर टिकेल का याची माझी खरी परीक्षा तिथे सुरू होते. पहिली चूक सगळेच करतात. चुकीनंतर तो चेंडू मागतो की सहकाऱ्याच्या पाठीमागे लपतो, हे मी बघतो. आणि हे बघायला त्याला दुसरा चेंडू मिळावा लागतो.

बार्सिलोनाचा सेर्जिओ बुस्केट्स २००७-०८ मध्ये स्पेनच्या चौथ्या श्रेणीत, क्लबच्या ब संघात खेळत होता. सडपातळ, संथ वाटणारा मुलगा. ब संघाचा प्रशिक्षक होता पेप ग्वार्दिओला. पुढच्या वर्षी ग्वार्दिओला वरच्या संघाचा प्रशिक्षक झाला तेव्हा बुस्केट्सला आणि पेद्रोला त्याने बरोबर नेलं. जुलै २०१० मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोघेही स्पेनच्या पहिल्या अकरांत होते. त्या मुलांची गुणवत्ता होतीच. पण त्यांना वर नेणाऱ्या माणसाने अख्खा हंगाम त्यांना पावसात, हरताना, चिडताना पाहिलेलं होतं. एका सकाळच्या चाचणीत बुस्केट्स माझ्यासमोर आला असता तर माझ्या वहीत 'पळतो सावकाश' एवढंच उतरलं असतं.

तुम्ही सागाच्या मुलखातली माणसं. रोपवनात विरळणी करताना वनमजूर काय बघतो हे तुम्हाला ठाऊक आहे. सागाला डोक्यावर ऊन लागतं, दाटीत दबलेलं झाड सरळ असलं तरी फोफावत नाही. राखीव बाकावर दोन-दोन वर्षं बसवून ठेवलेल्या मुलाचं तेच होतं. त्याला खेळायला मिनिटं लागतात. कर्जाऊ दुसऱ्या क्लबात पाठवा, खालच्या श्रेणीत पाठवा, पण खेळू द्या.

आणि निवड करणाऱ्यांनी बघायला इकडे यावं, वेळ पाहून यावं. एप्रिलच्या शेवटी चाचणी ठेवली तर इथली मुलं तेंदूपानाच्या फडावर असतात, कारण घरचा वर्षाचा पैसा त्या पंधरा-वीस दिवसांत येतो. जुलैत ठेवली तर प्राणहिता आणि गोदावरी ठरवणार कोण पोहोचेल ते. २०२२ च्या जुलैत इथली गावंच्या गावं हलवावी लागली होती. मग अहवालात लिहिलं जातं, 'प्रतिसाद अल्प.' इथे गावोगावी व्हॉलीबॉल आणि कबड्डी रंगते, फुटबॉल मागे आहे, हे खरं. पण प्रतिसाद अल्प नाही. स्टँडजवळचा तो खेळ मी पाहिला आहे.

म्हणून एवढंच ठरवून आलो आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता इथल्या मैदानावर सामना लावू. दोन्ही बाजूंना निम्मी पोरं, निम्मी मोठी माणसं. मुली खेळणार असतील तर त्याही. हाका तुमच्यातलेच दोघे जण देतील, एक तेलुगूत, एक माडियात. मी बाजूला गप्प उभा राहीन. पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. वही माझ्याबरोबर असेल, पण तिसरा सामना संपेपर्यंत ती मी उघडणार नाही.