फोटोच्या मागे नाव लिहा
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सेक्रेटरींनी मला माझ्या रस्त्यांच्या फोटोंबद्दल बोलायला सांगितलंय. वेळ पाच मिनिटं. आयुष्य बँकेत गेलं, तेव्हा वेळ पाळतो.

रस्त्यांची कामं चालू असतानाचे जुने कृष्णधवल फोटो मी गेली वीस-बावीस वर्षं जमवतोय. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, रद्दीची दुकानं, जिथं मिळतील तिथून. लोक विचारतात, "यात बघायचं काय? खडी, डांबराची पिंपं आणि रोड रोलर?" मी म्हणतो, माणसं बघा.

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ साली. म्हणजे तो रस्ता खोदणाऱ्यांचा फोटो असणंच शक्य नाही. पुढे त्याच घाटात रेल्वेचं काम निघालं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी काम पुढे नेलं आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. त्या कामाचे फोटो आजही उपलब्ध आहेत. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर तिथं राबत होते. ट्रेडवेल बाईंचं नाव आपण आज घेतो. त्या मजुरांची नावं कुठं शोधायची?

माझ्या संग्रहातही तेच आहे. मैलाचा दगड दिसला, की फोटो बहुधा किलोमीटर येण्याआधीचा, एवढा अंदाज बांधता येतो. पण डोक्यावर घमेलं घेतलेली ती बाई कोण, हे कुठलंच भिंग सांगत नाही.

गेल्या गणपतीत क्लब हाऊसमध्ये मी काही फोटो मांडले होते. बी विंगमधल्या एक आजी खडी फोडणाऱ्या बायकांच्या फोटोसमोर बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, "भाऊ, ७२ च्या दुष्काळात मी हेच केलंय. बोटांना चिंध्या गुंडाळायचो, तरी रक्त यायचंच. सुकडी मिळायची, ती पोरांसाठी पदरात बांधून आणायची." त्यांचा नातू शेजारी उभा होता. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातली एक आपल्याच लिफ्टमधून रोज वर-खाली जात होती!

म्हणून एक विनंती. घरातल्या ट्रंका, माळे उघडा. जुने फोटो रद्दीत जाऊ देऊ नका. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं नाव, गाव आणि साल लिहा. आणि हे काम घरातली वडीलधारी माणसं आहेत तोवरच करा. नंतर विचारायचं कुणाला?

आपल्या सोसायटीचा आतला रस्ता झाला तेव्हाचेही फोटो कुणाकडे असतील, तर आणून द्या. त्यात आपले पहिले वॉचमन आणि गवंडी असतील, तर आधी त्यांची नावं लिहून घेऊ.