मृत्युनोंदीची कैफियत



  साथरोगांच्या गणिती प्रतिमानांविषयी वर्षभरात जे संशोधन झाले असेल त्याचा आढावा अधिवेशनाच्या अध्यक्षाने घ्यावा, असा आपला प्रघात आहे. परंतु ते सर्व निबंध आपल्या हाती छापील स्वरूपात आहेतच, आणि जी एक गोष्ट बोलण्यासाठी मी अनेक वर्षे संधीची वाट पाहत होतो ती आज बोललो नाही तर पुन्हा बोलण्याचा योग येईल असे नाही. सबब आढावा बाजूस ठेवून मी आपणापुढे एक कैफियत मांडणार आहे. आमच्या शास्त्राने समीकरण लिहिणाऱ्याचा गौरव केला, आणि ज्या आकड्यांवर ते समीकरण उभे राहिले ते आकडे कोणी, कसे आणि कोणत्या परिस्थितीत लिहिले याची विचारपूस करणे मात्र आपल्या इभ्रतीला शोभणारे नाही अशी समजूत करून घेतली.

याचे पहिले उदाहरण आपल्या घरचेच आहे. १९२७ साली एडिंबरोच्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात साथींच्या गणिती सिद्धांतावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्यावाचून आजचे एकही पाठ्यपुस्तक पुढे सरकत नाही. लोकसंख्येचे बाधा होऊ शकणारे, बाधित, आणि बरे होऊन वा मरण पावून साथीतून बाहेर पडलेले असे तीन भाग करावयाचे, हा त्यातला विचार. केरमॅक हे १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ. मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी करून कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम केलेले डॉक्टर. या जोडीने आपल्या सिद्धांताच्या पुष्टीसाठी जगातील सर्व साथींमधून जो एक आलेख निवडला तो मुंबई बेटातील प्लेगचा आहे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील साप्ताहिक मृत्यू. त्यांच्या सूत्राप्रमाणे साथीचे शिखर सतराव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, आठवड्याला ८९० मृत्यू इतके येते, आणि मुंबईचे ठिपके त्या वक्ररेषेच्या इतके निकट बसतात की पाहणाऱ्याचे मन प्रसन्न व्हावे.

पण त्याच आलेखाखाली त्या दोघांनी जे लिहून ठेवले आहे ते वाचणारे किती आहेत? माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे असे आपण गृहीत धरीत आहोत. बेटावरील सर्व उंदरांना बाधा होण्याचा संभव सारखाच आहे असेही धरीत आहोत. पिसवा इतक्या विपुल आहेत की बाधा जणू प्रत्यक्ष स्पर्शानेच होते असेही मानीत आहोत. यांपैकी एकही गृहीत काटेकोर खरे नाही, सबब या सूत्रातील स्थिरांकांवरून कोणी अनुमाने काढू नयेत, अशा आशयाचा स्पष्ट इशारा त्यांनी दिला होता. आलेख राहिला आणि इशारा गळाला. पुढे २०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासून दाखविले की ऋतुमान जमेस धरल्यावाचून त्या स्थिरांकांना वास्तवाशी जुळणारा अर्थ देता येत नाही, कारण मुंबईचा प्लेग दरसाल हिवाळ्यात डोके वर काढी आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उतरे. ही गोष्ट मुंबईतील कोणत्याही म्युनिसिपल कारकुनाला १९०६ सालीच ठाऊक होती.

उंदरांची गोष्ट तर मला अधिकच लागते. ज्या महिन्यांतील मृत्यूंचा हा आलेख आहे त्याच महिन्यांत परळच्या प्रयोगशाळेत, शहराच्या निरनिराळ्या भागांतून गोळा केलेले उंदीर रोज चिरून तपासले जात होते, आणि कोणता उंदीर कोठे सापडला, तो कोणत्या जातीचा, त्याला प्लेग होता की नव्हता, हे सारे लिहून ठेवले जात होते. त्या नोंदींतून असे निष्पन्न झाले की प्रथम गटारांतील मोठ्या उंदरांत साथ चढते, मागून सुमारे दहा दिवसांनी घरांतील काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. येणाऱ्या संकटाची इतकी आगाऊ वर्दी देणारे दुसरे साधन त्या काळी कोणाजवळ होते? दुर्गंधीत उभे राहून उंदीर चिरणाऱ्या त्या माणसांची नावे आमच्या एकाही ग्रंथात नाहीत.

आता मृत्यूंच्या आकड्यांकडे पाहा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. आणि मग घरझडत्या, छावण्यांत रवानगी, सामानाची जाळपोळ यांचा जो कहर पुण्या-मुंबईत झाला त्याने माणसांना रोगी आणि प्रेत दोन्ही दडविण्यास शिकविले. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगा उसळला, आणि त्यानंतर ही सक्ती क्रमाने सैल होत गेली. माझे असे ठाम मत आहे की १९०६ चा आलेख इतका सुबक दिसतो याचे काही श्रेय त्या सैल झालेल्या सक्तीस आहे, कारण लोक मृत्यू उघडपणे सांगू लागल्यावाचून तो दप्तरात चढत नाही. तीच गत लोकसंख्येची. १ मार्च १९०१ रोजी, ऐन प्लेगच्या हंगामात, झालेल्या शिरगणतीत मुंबईत ७,७६,००६ माणसे मोजली गेली आणि १९०६ च्या गणतीत ९,७७,८२२. शहर खरोखर किती वाढले आणि आधी पळालेले किती परतले, हे ठरविल्यावाचून बाधा होऊ शकणाऱ्यांचा आकडा समीकरणात कोणी कसा घालावा?

आपल्या निबंधांतून गेली काही वर्षे एक वाद चालू आहे: मोजक्या समीकरणांचे निश्चित प्रतिमान श्रेष्ठ, की प्रत्येक व्यक्तीगणिक संभाव्यतेचा हिशेब करणारे संगणकी प्रतिमान श्रेष्ठ? दोन्ही पक्षांत माझे स्नेही आहेत. माझ्यापुरता हा वाद फार पूर्वी एका तालुक्याच्या कचेरीत निकालात निघाला. मी जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात असताना तेथे पटकीची साथ सुरू झाली, आणि मृत्यूंच्या आलेखाला करवतीसारखे दाते दिसू लागले. दर आठवड्याला एकच उंच दाता. एका विद्वानाने सांगितले की आठवड्याच्या बाजारात बाधा पसरते, म्हणून हे दाते. दुसऱ्याने सांगितले की लहान लोकसंख्येत यदृच्छेने असे चढउतार व्हावयाचेच. दोघांनीही आपापली प्रतिमाने बसवून दाखविली, आणि दोन्ही बसली. मी कचेरीत जाऊन मूळ नोंदवही मागितली. तीत दोन रकाने होते, मृत्यूचा दिनांक आणि नोंदीचा दिनांक; बाजाराच्या दिवसाखाली एकाच शाईने, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिलेल्या ओळीच्या ओळी होत्या. ग्रामसेवक बाजाराला येत आणि गावचे आठवड्याचे मृत्यू त्या दिवशी एकदम देत. वर जाणारा गोषवारा नोंदीच्या दिनांकाने बनत असे. मृत्यूच्या दिनांकाने मांडणी केली तेव्हा सारे दाते नाहीसे झाले, आणि हेही दिसले की आम्ही विहिरींत जंतुनाशक टीसीएल टाकण्याची धावपळ आरंभिली तेव्हा साथ एका ओढ्याच्या खालच्या वस्त्यांतून केव्हाच ओसरू लागली होती. वही ज्याने सांभाळली होती तो कारकून मला म्हणाला, "साहेब, हे कोणी विचारलंच नाही." त्या वाक्याने मला अजून राग येतो, कारकुनाचा नव्हे, न विचारणाऱ्यांचा.

गोषवाऱ्यात दोन्ही दिनांक पाठवावेत, असा प्रस्ताव मी रीतसर वर पाठविला. विहित नमुन्यात तसा रकाना नाही, सबब विचार करता येत नाही, एवढ्या शेऱ्यानिशी तो परत आला. या गोष्टीला एक पिढी लोटली असली तरी दुखणे तेथेच आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली मृत्यू नोंदविण्यास २१ दिवसांची मुदत आहे. आठवड्यात दुप्पट होणाऱ्या साथीत तेवढ्या अवधीत मृत्यू आठपट होतात. २०२० साली देशात नोंदविलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकाने कारण प्रमाणित केलेले मृत्यू सुमारे २२.५ टक्केच होते. आणि कोविडच्या पहिल्या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाले असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये दिला तेव्हा त्याच दोन वर्षांचा सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता, आणि सरकारने त्या अंदाजाच्या पद्धतीवरच हरकत घेतली. उद्याचे भाकीत करण्यासाठी जन्मलेले हे शास्त्र काल किती माणसे गेली याच्याच वादात गुंतले. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना या वादाने काय वाटले असेल, याची कल्पना मला सहन होत नाही.

तरुण सहकाऱ्यांना समीकरणे सोडा असे मी म्हणत नाही. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, आणि पुढे गणिताच्या बळावर असे दाखविले की डास समूळ नष्ट न करता त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी हिवताप हटतो. हे सामर्थ्य गणितावाचून दुसऱ्या कशात नाही. पण रॉस यांनी आधी स्वतः डास चिरले होते.

यापुढे काय करावे, यासंबंधी दोन-तीन गोष्टी मनात आहेत. मुंबई, पुणे आणि इतर नगरपालिकांच्या दप्तरखान्यांत प्लेगच्या काळातील ज्या नोंदी वाळवीपासून बचावल्या असतील त्यांच्या नकला करून घ्याव्यात. खर्च कोठून यावा आणि काम कोणी अंगावर घ्यावे, याचा विचार सवडीने करता येईल. नोंदवहीत आणि गोषवाऱ्यात दोन्ही दिनांकांसाठी सरकारकडे पुन्हा मागणी करावी. आणि पुढील अधिवेशनापासून जो निबंध आपल्या आकड्यांची कुळकथा, म्हणजे ते कोणी, कोठे, कोणत्या दिनांकाने लिहिले याची हकीकत, सोबत जोडणार नाही, तो वाचनासाठी स्वीकारू नये, असा ठराव मी उद्याच्या सभेत मांडणार आहे. त्याला विरोध होणार हे मला माहीत आहे. कोणी विरोध करावयाचे ठरविले आहे हेही माझ्या कानावर आले आहे. त्यांनी तो उघड सभेत करावा, आणि येताना आपल्या आकड्यांची मूळ वही बरोबर आणावी.