एफ कॉर्ड आणि इतर प्रेमप्रकरणं



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. सात मिनिटांत आवर, आणि गिटार घरी ठेवून ये. दुसरी अट माझ्या नवऱ्याने सुचवली असावी, असा दाट संशय आहे. विषय दिलाय, 'तुझं संगीत आणि आम्हाला प्रेमाचे सल्ले'. पंचेचाळिशीतल्या लोकांना प्रेमाचे सल्ले देणं म्हणजे पेपर सुटल्यावर एकवीस अपेक्षित वाटण्यासारखं आहे. तरी वाटते.

आपण दहावीत होतो तेव्हा, १९९५ च्या दिवाळीत, 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला. मोहरीच्या शेतात शाहरुख खानच्या हातात असतं ते मॅन्डोलिन. पण आपल्या वर्गातल्या मुलांनी घरी हट्ट धरला तो गिटारचा! आम्ही मुलींनी कसलाच हट्ट धरला नाही. आपल्यासाठी कोणीतरी वाजवेल, याची वाट बघत बसलो. पंचवीस वर्षं वाट बघून शेवटी मीच शिकले.

गिटार माझ्या मुलीची. ती चार महिने क्लासला गेली आणि गिटार कपाटावर गेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये धूळ पुसायला मी ती खाली काढली, ती परत वर गेलीच नाही. पहिले काही आठवडे डाव्या हाताची बोटं अशी हुळहुळायची की कोड टाइप करताना डोळ्यांत पाणी यायचं. व्हिडिओ कॉलवर ते बघून मॅनेजरला वाटलं, ही डेडलाइन फारच मनाला लावून घेते.

मग आला एफ कॉर्ड. पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या. माझा एफ ऐकून सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, त्या दाराला जरा तेल घाल." पुढे कळलं की दोन जाड तारा सोडून चारच तारांचा छोटा एफ धरता येतो आणि गाणं अडत नाही. सल्ला पहिला : छाप पाडायला जाऊ नका. सहाही तारा स्वच्छ वाजण्याची वाट बघाल तर गाणं सुरूच होणार नाही. प्रेमातले बरेच अर्ज असेच लिहून खिशात राहिलेत. मागच्या बाकावरच्यांनी हसू नये, माझ्याकडे नावं आहेत.

सल्ला दुसरा : दर वेळी सुरात लावा. तारा सैल होतात, हवा बदलली की लाकूड बदलतं. काल लावली होती, हे आज चालत नाही. दोन तारा जुळत आल्या की आवाजात हेलकावा ऐकू येतो. एक तार सेकंदाला ११० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी ११२ वेळा, तर सेकंदाला दोन हेलकावे. सूर जवळ आले की हेलकावे संथ होतात आणि शेवटी थांबतात. हे कानाने ओळखायचं तर आपण गप्प बसावं लागतं. माझी अडचण तीच.

ती अडचण किती मोठी आहे, हे नवरा कामासाठी वर्षभर कॅलिफोर्नियात होता तेव्हा कळलं. त्याची सकाळ, माझी रात्र. बोलणं काय, तर वीजबिल, मुलीची फी, आईंच्या गोळ्या. एका रात्री फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली.

मग आम्ही कॉलवर एकत्र वाजवायचं ठरवलं. मी गिटार, तो टेबलावर ठेका. जमेना. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. अंतर तेरा हजारांहून जास्त. म्हणजे एका दिशेलाच किमान ६५ मिलिसेकंद, वर व्हिडिओ कॉलचा स्वतःचा उशीर. पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे वाजवणारे अडखळायला लागतात. इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, पण हा बग फिक्स होण्यातला नव्हता. तो निसर्गनियम होता.

म्हणून पाळ्या लावल्या. एकाने गाणं वाजवायचं किंवा काहीही सांगायचं, तोवर दुसऱ्याने म्यूट. मध्ये 'हो, पण' नाही. तिसऱ्या आठवड्यात, त्याची पाळी असताना, तो बराच वेळ काही बोललाच नाही. मी म्यूटवर होते म्हणून वाचलो, नाहीतर ती शांतता मीच भरून टाकली असती. मग तो म्हणाला, "मला इथे रात्री झोप लागत नाही गं." सहा महिने मी रोज विचारत होते आणि तो रोज 'सगळं ठीक' म्हणत होता.

तो आता परत आलाय. पाळ्या अजून चालू आहेत. मला चार गाणी येतात, चौथ्यात एफ नाही.

आपल्यापैकी काहींचा जोडीदार आज हयात नाही, काही जण वेगळे झालेत, काही एकटे मजेत आहेत. हा सल्ला फक्त जोडप्यांसाठी नाही. आज जेवताना शेजारच्याला विचारा, "कसं चाललंय?" तो म्हणेल, "मस्त." लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. जरा थांबा. खरं उत्तर थोडं उशिरा पोचतं.