क्लिदरो : एका विरळा इंग्रजी आडनांवाची हकीकत



ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं आम्ही आपणांपुढें एका परदेशी आडनांवाची हकीकत सांगण्यास उभे आहों, याचें कित्येकांस नवल वाटेल. आपल्या मंडळींत डिसोजा, परेरा, लोपीस हीं आडनांवें इतकीं विपुल आहेत कीं, रविवारीं मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारांत 'अहो डिसोजा!' अशी हांक मारली, तर दहाजण मान वळवितील. ज्या आडनांवाविषयीं आम्ही आज बोलणार, तें याच्या अगदीं उलट. खुद्द इंग्लंडांतही बहुतेकांस जन्मभरांत त्या आडनांवाचा एकही मनुष्य भेटत नसेल. तें आडनांव 'क्लिदरो'. कॅथलिक मंडळी तें एका संत बाईच्या नांवांत ऐकतात; परंतु तें मुळांत आलें कोठून, गेलें कोठें कोठें, आणि त्या बाईच्या वांट्यास कसें आलें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

इंग्लंडच्या वायव्येस लँकेशायर प्रांत आहे. त्यांतून रिबल नांवाची नदी वाहते. तिच्या खोऱ्यांत, पेंडल नांवाच्या मोठ्या डोंगराच्या पायथ्याकडे, चुनखडीचा एक खडक एकाएकीं जमिनींतून वर आलेला आहे, आणि त्यावर नॉर्मन काळांतील एक लहानसा दगडी बुरूज उभा आहे. त्या खडकाभोंवतीं जें गांव वसलें, तें क्लिदरो. बाराव्या शतकाच्या आरंभींच्या लेखांत त्याचें रूप 'क्लिदरहू' असें आढळतें. याच्या अर्थाविषयीं पंडितांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, 'सुट्या दगडांची टेंकडी'. दुसरा म्हणतो, 'गाणाऱ्या थ्रश पक्ष्याची टेंकडी'. दुसरा अर्थ कानाला गोड आहे खरा. पण त्या खडकाचें वर्णन वाचल्यावर आम्हांस पहिलाच खरा वाटतो.

आतां गांवाच्या नांवाचें आडनांव होतें कसें, हें मराठी माणसास समजावून सांगण्याची गरज नाहीं. पुण्याचा तो पुणेकर, वसईचा तो वसईकर. मात्र एक गोष्ट लक्ष्यांत घेतली पाहिजे. पुण्यांत राहणाऱ्यास पुण्यांतले लोक पुणेकर हें आडनांव कशास देतील? तेथें तर सगळेच पुण्याचे! गांव सोडून जो दुसरीकडे जाऊन राहिला, त्याला नव्या गांवचे लोक जुन्या गांवाच्या नांवानें ओळखूं लागतात. इंग्लंडांतही तेंच झालें. साधारणतः तेराव्या-चौदाव्या शतकांत तेथें आडनांवें वंशपरंपरा चालूं लागलीं, आणि लॅटिन-फ्रेंच दप्तरांतून 'क्लिदरोचा रॉबर्ट', 'क्लिदरोचा जॉन' अशीं माणसें दिसूं लागलीं. म्हणजे क्लिदरो हें आडनांव बहुतकरून क्लिदरोबाहेर जन्मलें. त्याचा विस्तार ज्या ज्या ठिकाणीं दिसतो, त्या त्या ठिकाणीं कोणीतरी एकदां घर सोडून आला होता, एवढें निश्चित समजावें. याहून अधिक मात्र समजूं नये. एकाच गांवांतून दोन निराळ्या घरांतील दोन माणसें निघालीं, तरी दोघांसही तेंच नांव चिकटावयाचें. तेव्हां सर्व क्लिदरो एका रक्ताचे असें मानणारा मनुष्य वंशावळ लिहीत नसून कादंबरी लिहितो, असें आम्ही म्हणूं.

हे बाहेर पडलेले लोक गेले तरी किती दूर! चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांत विगन येथील चर्चचे मुख्य धर्मगुरु रॉबर्ट डी क्लिदरो हे होते. विगन त्या वेळीं लँकेशायरांतच होतें, म्हणून हा प्रवास थोडक्यांतला. राजाविरुद्ध बंड करणाऱ्या लँकेस्टरच्या अर्ल थॉमसचा इ. स. १३२२ त शिरच्छेद झाला. त्या बंडाला व्यासपीठावरून व माणसें पाठवून साह्य केल्याचा आरोप या धर्मगुरूंवर आला. पुढें शंभर वर्षांच्या आंत हें नांव इंग्लंडच्या दुसऱ्या टोंकास, केंट प्रांतांत, ॲश नांवाच्या गांवीं आढळतें. तेथील रिचर्ड क्लिदरो यास १४०६ त दक्षिण समुद्राचा ॲडमिरल नेमलें. त्याच वर्षीं उत्तर समुद्राचा ॲडमिरल झाला तो यॉर्कचा व्यापारी निकोलस ब्लॅकबर्न. गंमत अशी कीं, ब्लॅकबर्न व क्लिदरो हीं लँकेशायरांतील जवळजवळचीं दोन गांवें आहेत. दोन्ही गांवांना समुद्र नाहीं, पण देशाचे दोन्ही समुद्र त्यांच्या नांवाच्या माणसांनीं संभाळले. तिसरा प्रवास वेल्समध्यें : बँगॉरच्या बिशपांच्या मालिकेंत १४३५ त मरण पावलेले जॉन क्लिदरो यांचें नांव आहे.

सतराव्या शतकांत हें नांव लंडन शहरांत फार वर चढलें. लोखंडाच्या व्यापाऱ्यांच्या संघांतले सर क्रिस्तोफर क्लिदरो हे १६३५ त लंडनचे लॉर्ड मेयर झाले, आणि पुढें १६३८ पासून १६४१ त मृत्यु येईपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीचे गव्हर्नर होते. हा हुद्दा हिंदुस्थानांतील नव्हे, लंडनच्या कचेरींतील. तथापि सुरतेच्या वखारीचे हिशेब ज्या मंडळापुढें जात, त्याचे अध्यक्ष ते. आणि मद्रासची जागा कंपनीस १६३९ त मिळाली, ती त्यांच्याच कारकीर्दींत. त्यांचे चिरंजीव जेम्स यांनीं १६७० त लंडनच्या पश्चिमेस ब्रेंटफर्ड येथें 'बॉस्टन मॅनर' नांवाचा वाडा घेतला, व तेथें हें घराणें अडीचशें वर्षें नांदलें. १८३४ त राजा चौथा विल्यम व राणी ॲडलेड त्या घरीं जेवावयास आलीं होतीं. पुढें हें कुळ पुरुषवंशानें खुंटलें. मिळकत स्ट्रेसी नांवाच्या आप्तांकडे गेली, तेव्हां त्यांनीं 'स्ट्रेसी-क्लिदरो' असें जोडनांव धारण केलें. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत तो वाडाही नगरसंस्थेचा झाला व बाग लोकांस मोकळी झाली. आज तेथें मुलें खेळतात.

एवढे मोठे मोठे लोक होऊनही आडनांव विरळ कां राहिलें? पहिलें कारण उघड आहे : मूळ गांव एकच, आणि तेंही लहान. 'मिडलटन' नांवाचीं गांवें इंग्लंडांत कितीतरी आहेत, म्हणून मिडलटन आडनांवाचे लोकही पुष्कळ. दुसरें कारण, नांव मुलाकडून चालतें, मुलीकडून नाहीं. एका घरीं पांच मुली झाल्या, तर रक्त पांच घरीं गेलें, पण नांव त्याच पिढींत बुडालें. या बुडण्याचें गणित १८७४ त फ्रान्सिस गाल्टन व रेव्हरंड वॉटसन या दोघांनीं मांडलें आहे. ज्या नांवाचीं घरें आरंभींच थोडीं, त्यास पुसलें जाण्याचें भय फार. तिसरें कारण लिहिणाऱ्याचा हात. कोणी शेवटीं 'ओ-डब्ल्यू' हीं अक्षरें लावलीं, कोणी 'ओ-ई'. जुन्या कारकुनांनीं तर मधला 'टी-एच' काढून 'डी' घातला. त्यामुळें एकाच नांवाच्या दोनचार निराळ्या रांगा झाल्या. गांवाच्या सध्यांच्या लेखनाप्रमाणें 'ओ-ई' लिहिणारे लोक आजही मुख्यतः लँकेशायरांतच सांपडतात. त्यांतील एक, जिमी क्लिदरो नांवाचा अगदीं ठेंगणा नट, १९७२ पर्यंत इंग्लंडच्या नभोवाणीवर शाळकरी पोराचें सोंग घेऊन लोकांस पोट धरधरून हंसवीत असे.

आतां यॉर्क. पेंडल डोंगराच्या पूर्वेस, यॉर्कशायर प्रांताचें हें प्राचीन मुख्य शहर. तेथें पूर्वीं खाटकांच्या वस्तीची असलेली एक अरुंद आळी आहे, तिला शॅम्बल्स म्हणतात. सोळाव्या शतकांत त्या वस्तींत जॉन क्लिदरो नांवाचा एक सुखवस्तु, विधुर खाटीक राहत असे. त्याच्या घराण्यांतील कोणत्या पुरुषानें रिबलचें खोरें सोडलें, हा हिशेब येथें महत्त्वाचा नाहीं. १५७१ त त्यानें एका मेणबत्तीवाल्याची मुलगी केली. तिचें माहेरचें नांव मार्गारेट मिडलटन. म्हणजे पहा, सामान्य आडनांव टाकून तिनें विरळा आडनांव घेतलें, आणि तेंही जन्मानें नव्हे, नवऱ्याकडून. ती प्रॉटेस्टंट म्हणून वाढलेली होती. लग्नानंतर तीनेक वर्षांनीं तिनें कॅथलिक धर्म स्वीकारला. नवरा राजाज्ञेप्रमाणें सरकारी देवळांत जात राहिला, पण त्यानें तिला अडविलें नाहीं.

त्या काळचे कायदे आपण ऐकावे. सरकारी उपासनेस रविवारीं गैरहजर राहिल्यास १५५९ च्या कायद्यानें बारा पेन्स दंड. १५८१ त तो महिन्यास वीस पौंड केला. गरिबाची गोष्ट सोडा, बऱ्या स्थितींतल्या घरासही हा उध्वस्त करणारा. १५८५ त, परदेशीं दीक्षा घेतलेला धर्मगुरु देशांत राहिल्यास राजद्रोही, व त्याला आसरा देणाऱ्यास देहान्त शिक्षा. आडनांवांच्या अभ्यासकास याचा एक विचित्र परिणाम भोंवतो. इंग्लंडांत १५३८ पासून प्रत्येक पॅरिशमध्यें बाप्तिस्मा, लग्न व मृत्यु यांची वही ठेवण्याची आज्ञा झाली. पण पुढें कॅथलिकांच्या मुलांचे बाप्तिस्मे रात्रीं, दार लावून होऊं लागले व त्या वहींत येईनासे झाले. आपल्या पॅरिशच्या जुन्या वह्या जपून ठेवल्या आहेत, त्यांत आजोबा-पणजोबांचीं नांवें सांपडतात. तेथील कॅथलिक कुटुंबांचीं नांवें शोधावयाचीं, तर दंडाच्या याद्या व तुरुंगाचीं दप्तरें उघडावीं लागतात. मार्गारेटचें नांवही तसेंच वारंवार तुरुंगांत दिसतें. लिहावाचावयासही ती तेथेंच शिकली.

याच दशकांतली एक गोष्ट येथें आठवते. इंग्लंडांतील याच छळाच्या दिवसांत विल्टशायरचा एक तरुण देश सोडून रोमास गेला, येशूसंघांत शिरला, व १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला. तो आपल्या ख्रिस्तपुराणाचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स. तो निघाला, ती राहिली.

१० मार्च १५८६ रोजीं तिच्या घराची झडती झाली. घरांत गुप्त खोली होती. एका परदेशी मुलास धाक घालून अधिकाऱ्यांनीं ती उघडवून घेतली, व मिस्साचीं वस्त्रें व पात्रें सांपडलीं. न्यायाधीशांपुढें 'दोषी कीं निर्दोष' असें विचारलें असतां तिनें उत्तर देण्यासच नकार दिला. कारण उत्तर दिलें, कीं खटला उभा राहणार. खटला उभा राहिला, कीं तिच्याच लेंकरांना व नोकरांना साक्षीस ओढणार. आईविरुद्ध मुलाचे तोंडून शब्द काढवून घ्यावयाचा, आणि त्याच शब्दावर तिला मारावयाचें! हें पाप त्या पोरांच्या माथीं व पंचांच्या माथीं येऊं नये म्हणून तिनें तोंड मिटलें. उत्तर न देणाऱ्यास त्या कायद्यांत एकच शिक्षा होती : वजनाखालीं चिरडणें. तिचा सावत्र बाप हेन्री मे त्याच वर्षीं यॉर्कचा लॉर्ड मेयर होता.

२५ मार्च, शुक्रवार. देवदूतानें पवित्र मारियेस निरोप दिला तो सण. जुन्या इंग्रजी गणनेप्रमाणें वर्षाचा पहिला दिवसही हाच. ऊझ नदीच्या पुलावर तिला जमिनीवर निजविलें, पाठीखालीं मुठीएवढा अणकुचीदार दगड ठेविला, वर एक दार टाकलें, व त्यावर सातआठशें पौंड वजन रचलें. शेरिफांच्या शिपायांस हें काम स्वहस्तें करवेना, म्हणून त्यांनीं भिकारी भाड्यानें आणले. पाव तासांत प्राण गेला. ती त्या वेळीं गर्भार होती असें तिच्या निकटवर्तीयांस वाटत होतें. तिचे गुरु फादर जॉन मश यांनीं तिचें चरित्र लिहून ठेविलें, म्हणूनच हें सर्व आपणांस कळतें.

तिनें आधींच फ्रान्सला पाठविलेला मुलगा हेन्री धर्मगुरु होण्यासाठीं शिकत राहिला. मुलगी ॲन पुढें लूव्हँ येथें मठवासिनी झाली. म्हणजे क्लिदरो आडनांवाची संख्या या दोघांनीं वाढविली नाहीं. ज्या लंडनच्या शाखेनें वाडा घेऊन राहून, मिळकतीस नांव बांधून, जोडनांवें घेऊन तें टिकविण्याची खटपट केली, तिच्या लॉर्ड मेयरचें नांव आज इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज कोणास ठाऊक नाहीं. खाटकाच्या बायकोचें नांव मात्र १९२९ त रोमच्या धन्यवादितांच्या यादींत गेलें, व २५ ऑक्टोबर १९७० रोजीं पोप सहावे पॉल यांनीं इंग्लंड-वेल्सच्या चाळीस रक्तसाक्षींबरोबर तिला संतपद दिलें. इंग्लंडांत त्या नांवाच्या शाळा व चर्चें आहेत. जीं मुलें रोज तें नांव वहीवर लिहितात, त्यांतील बहुधा एकाचेंही आडनांव क्लिदरो नसेल.

यॉर्कच्या बार कॉन्व्हेंटमध्यें तिचा एक हात जतन करून ठेविला आहे. जुना ऊझ पूल एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पाडला. हल्लींचा पूल त्यानंतरचा. त्याच्या एका टोंकास २००८ सालीं तिच्या स्मरणार्थ लेख बसविला आहे. गावाचें नांव आज 'ओ-ई' नें लिहितात. तिचें आडनांव मात्र 'ओ-डब्ल्यू' नें.